आठवणीची मालकी

हुआन रुल्फोची ‘पेद्रो पारामो’ ही कादंबरी मार्च १९५५ मध्ये मेक्सिको शहरात प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या २,०००. एका निवांत दुपारी वाचून व्हावी एवढाच तिचा आकार, आणि तोवर लेखकाच्या नावावर दोन वर्षांपूर्वीचा एकच कथासंग्रह. १९६१ मध्ये गाब्रिएल गार्सिया मार्केस मेक्सिकोत राहायला आला, तेव्हा आल्वारो मुतिस या कविमित्राने हे पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. त्या रात्री ते दोनदा वाचल्याशिवाय आपल्याला झोप आली नाही आणि पुढे ते आपल्याला मुखोद्गत झालं, असं मार्केसने स्वतः लिहून ठेवलं आहे. मराठी वाचक लॅटिन अमेरिकी कादंबरीकडे बहुधा मार्केसच्या माकोन्दो या कल्पित गावाच्या वाटेने गेलेला असतो. माकोन्दोच्या आधी रुल्फोचं कोमाला आहे हे त्याला उशिरा कळतं, आणि कळतं तेव्हाही ‘मेलेल्या माणसांचं गाव’ एवढीच त्या गावाची ओळख करून दिली जाते. ही ओळख खोटी नाही, पण ती वाचकाला चुकीच्या दाराशी नेऊन सोडते. भुतं शोधत आत शिरलेल्याला भुतं सापडतात, आणि ती काय बोलतात ते ऐकायचं राहून जातं.

कथानकाचा सांगाडा असा. हुआन प्रेसियादोची आई दोलोरेस मरताना त्याच्याकडून वचन घेते, की त्याने कोमालाला जाऊन बापाला भेटावं आणि याचना न करता आपल्या हक्काचं मागावं. हुआन पोचतो तेव्हा गाव ओस पडलेलं असतं. वाटेत भेटलेला गाढवंवाला अबुंदियो, उतरायला खोली देणारी एदुविहेस, त्याला लहानपणी सांभाळल्याचं सांगणारी दामियाना, अशी भेटतील ती माणसं कधीच मेलेली आहेत हे त्याला हळूहळू उमगतं. कादंबरीच्या मध्यावर तोही मरतो. मग आपल्या लक्षात येतं, की आतापर्यंतची सगळी हकीकत तो थडग्यात, आपल्यासोबत पुरलेल्या दोरोतेआला सांगत होता. या हकीकतीत दुसरी एक गोष्ट विणलेली आहे. ती आहे मेदिया लुना या जहागिरीच्या मालकाची, पेद्रो पारामोची. कर्जात बुडालेल्या घराण्याचा हा मुलगा लग्न, धाक, खून अशा मिळेल त्या मार्गाने आसपासची जमीन घशात घालतो, आणि आयुष्यभर लहानपणीच्या एका मैत्रिणीची, सुसाना सान हुआनची वाट पाहतो. ती परत येते तेव्हा तिचं मन थाऱ्यावर नसतं. ती त्याच्या घरात राहते आणि त्याच्यापासून दूरच मरते. मग तो अख्खं गाव मरू देतो.

या दोन गोष्टींची सांगड साधारणपणे अशी घातली जाते: पेद्रो क्रूर आहे, पण त्याच्या काळजात एक हळवा कोपरा आहे. जुलूम हे त्याचं चारचौघांतलं रूप आणि सुसानाची आठवण हे खाजगी. प्रेम हरवलं म्हणून माणूस कठोर झाला. ही मांडणी वाचकाला आवडते, कारण तीत खलनायकाबद्दल हळहळायला जागा मिळते. मला ती पटत नाही. या कादंबरीत आठवण हा जुलमापासूनचा आसरा नाही. जमिनीइतकीच आठवणही इथे मालकीच्या झगड्यात सापडलेली आहे. पेद्रोचं प्रेम आणि पेद्रोची हाव या दोन प्रवृत्ती नाहीतच, ती एकच प्रवृत्ती आहे. आणि त्याला अखेरपर्यंत मिळत नाही ते सुसानाची आठवण. हुआन प्रेसियादो कोण आहे हा प्रश्न, कादंबरीची तुकड्यातुकड्यांची रचना, गावाचा शेवट, या सगळ्याची उकल मला याच एका सूत्राने होताना दिसते.

पुरावा पहिल्यांदा भेटतो तो अगदी किरकोळ वाटणाऱ्या जागी. पेद्रो प्रथम दिसतो तेव्हा तो जहागीरदार नाही, पोरसवदा मुलगा आहे. पाऊस पडून गेला आहे, तो संडासात बसून राहिला आहे, आई बाहेरून हटकते आहे, आणि त्याच्या मनात सुसानाबरोबर टेकडीवर पतंग उडवल्याची आठवण घोळते आहे. हा उतारा विलक्षण कोमल आहे. पण रुल्फोने त्याच्या लगत काय ठेवलं आहे ते पाहावं. घरात पैशाची चणचण, आजीने उधारीवर वस्तू आणायला पाठवलेलं. मुलगा तसबिरीपाशी ठेवलेल्या सुट्या पैशांतून वीस सेंतावोंचं नाणं उचलतो. तेवढ्यात आई आणखी एक काम सांगते आणि पैसे कुंडीत ठेवलेत म्हणते. कुंडीत अख्खा पेसो असतो. मुलगा वीसचं नाणं तिथे ठेवतो आणि पेसो उचलतो. त्याच्या मनात विचार येतो तो एवढाच, की आता लागेल त्याला पैसे उरतील. लेखक यावर अवाक्षर बोलत नाही आणि गोष्ट पुढे जाते. पतंगाचा दोरा आणि कुंडीतला पेसो ही दोन चित्रं मोजक्या पानांत शेजारी आली आहेत, आणि ज्या लेखकाने आपला मजकूर निर्दयपणे छाटत आणला त्याच्या हातून हे शेजारपण अपघाताने झालेलं नाही.

मुलगा मोठा होतो आणि नाण्यांच्या जागी जमीन येते. बाप लुकास पारामो एका लग्नात गोळी लागून मेला. गोळी दुसऱ्या कोणासाठी तरी सुटली होती. मारणारा नेमका कोण ते कळत नाही, म्हणून पेद्रो त्या लग्नाला हजर असलेल्या जवळजवळ सगळ्यांचा सूड उगवतो. कारभारी फुल्गोर सेदानो घराण्याची देणी वाचून दाखवतो. सर्वांत मोठं देणं प्रेसियादो कुटुंबाचं निघतं, म्हणून त्या घरातल्या दोलोरेसला मागणी घातली जाते. मालमत्ता दोघांची सामाईक राहील हे आधीच ठरतं. शेजारचा तोरिबिओ आल्द्रेते हद्दीच्या मोजणीवरून अडतो. त्याच्यावर आधी खोटी तक्रार होते आणि मग तो एदुविहेसच्या घरातल्या एका खोलीत फासावर लटकलेला सापडतो. पुढे हुआन प्रेसियादो त्याच खोलीत मुक्कामाला येतो आणि रात्री त्याला आल्द्रेतेची किंकाळी ऐकू येते. बांधाच्या वादात पिढ्या झिजलेली घराणी ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहेत, त्याला ही पानं परकी वाटणार नाहीत. फरक एवढाच, की कोमालात असा वाद कोर्टापर्यंत पोचतच नाही, कारण इथून पुढे कायदा आपणच करायचा हे पेद्रोने कारभाऱ्याला सांगून टाकलेलं असतं. आणि दोलोरेस? गिधाडासारखं उडून बहिणीकडे जाता आलं असतं तर, असं ती एकदा बोलून जाते. तो तिची लगेच पाठवणी करतो आणि पुन्हा कधी चौकशी करत नाही. कर्ज फिटलं होतं.

सुसाना परतते तेव्हा पेद्रोच्या मनात जे येतं ते या सगळ्याच्या उजेडात वाचायला हवं. तीस वर्षं तो तिची वाट पाहत होता. त्या काळात मिळवता येण्यासारखं होतं ते सगळंच्या सगळं त्याला मिळवायचं होतं, इतकं की तिच्याखेरीज कसलीच इच्छा शिल्लक राहू नये. प्रेमाची कबुली म्हणून हे हृद्य आहे, यात वाद नाही. पण तीत तिच्या इच्छेला कुठे जागा आहे? पेद्रोच्या हिशेबात सारी जहागीर ही सुसानापर्यंत पोचायची वाट आहे, म्हणजेच सुसाना हा त्या जहागिरीतला अखेरचा, सर्वांत मौल्यवान तुकडा आहे. तिचा बाप बार्तोलोमे त्याच्या निरोपांना वर्षानुवर्षं दाद देत नव्हता. देशात बंडाळी माजल्यावर तो जीव मुठीत धरून मुलीसह कोमालात येतो. राहायला आयतं घर मिळतं. या घराच्या बदल्यात मुलगी हवी आहे हे त्याला कळतं आणि तो ते तिला सांगतोही. मग पेद्रो म्हाताऱ्याला आंद्रोमेदाच्या खाणीकडे परत पाठवून तिथेच नाहीसा करण्याची कामगिरी फुल्गोरवर सोपवतो. बाप गेला की मुलगी निराधार होईल, आणि निराधार बाईला आधार देण्याचं निमित्त मिळेल. आल्द्रेतेचा काटा ज्या रीतीने काढला तीच रीत, तोच माणूस. प्रेमाच्या कामासाठी पेद्रोकडे दुसरं अवजार नाही.

त्या अवजाराचा उपयोग मात्र सुसानाच्या पलंगापाशी संपतो. ती रात्रभर तळमळत असते, तो मिणमिणत्या दिव्यात तिच्याकडे पाहत बसतो, आणि ती कुठल्या जगात वावरते आहे ते त्याला समजत नाही. निवेदक इथे स्पष्ट सांगतो, की पेद्रो पारामोला कधीच न कळलेल्या गोष्टींपैकी ही एक होती. कादंबरीभर निवेदक इतका अल्पभाषी आहे, की त्याने असं थेट बोलून दाखवणं नजरेतून निसटू नये. आपल्याला, वाचकांना, मात्र ते जग दिसतं. त्यात फ्लोरेन्सिओ नावाचा नवरा आहे, त्याच्या देहाची ऊब आहे. समुद्र आहे. ती उघड्या अंगाने लाटांत शिरते. तो बरोबर येतो, पण त्याला तिथे एकटं वाटतं, म्हणून मग ती पुन्हा एकटीच जाते. अख्ख्या पुस्तकात धूळ, ऊन आणि भेगाळलेल्या भिंती, आणि या एका बाईच्या आठवणीत तेवढा समुद्र. फेब्रुवारीतली वाऱ्याची सकाळ आहे, चिमण्या आणि पिकलेली लिंबं आहेत, आणि त्याच दिवसांत गेलेली आई आहे, जिच्या मातीला गावातून कोणी आलं नाही. बापाने दोरीला बांधून खोल अंधाऱ्या खड्ड्यात सोडलेली, सोनं शोधायला लावलेली लहान मुलगी आहे, जिच्या हाताला तिथे कवटी लागते. या स्वगतांत पेद्रोला जागा नाही. ज्या पतंगाच्या आठवणीवर त्याने आयुष्य रचलं, ती तिच्याही मनात आहे असा पुरावा रुल्फोने कुठेही ठेवलेला नाही. आणि हे पेद्रोपासून लपलेलंही नव्हतं. विधवा झाली तरी ती अजून नवऱ्याबरोबरच राहते आहे, निदान वागते तरी तशी, असं बार्तोलोमेने त्याला आधीच सांगितलं होतं. ती मरत असताना गावचा धर्मगुरू पाद्रे रेन्तेरिया तिच्या कानाशी लागतो. देह मातीला मिळण्याची भीषण वर्णनं तिच्याकडून म्हणवून घेऊ पाहतो. तिच्या ओठांवर त्याऐवजी फ्लोरेन्सिओच्या प्रणयाची आठवण येते. जहागीरदाराला जे साधलं नाही ते चर्चलाही साधत नाही.

इथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. पेद्रोचं प्रेम मुळात मालकीचंच होतं, तर रुल्फोने या पुस्तकातली सर्वांत काव्यमय वाक्यं त्याच्याच मनात का घातली? लेखकाची सहानुभूती त्याच्याकडे आहे असंच त्यातून दिसत नाही का? मला वाटतं, ती वाक्यं प्रामाणिक आहेत आणि म्हणूनच ती भयंकर आहेत. पेद्रो ढोंगी असता तर कादंबरी सोपी झाली असती. ढोंग उघडं पाडलं की वाचक सुटतो. रुल्फो ती सुटका देत नाही. माणूस मनापासून झुरू शकतो आणि ज्याच्यासाठी झुरतो त्याच्याच बापाचा जीव घेऊ शकतो, आणि हे करताना त्याला स्वतःत काही विसंगती जाणवत नाही, हे तो दाखवतो. त्या काव्यमय आठवणींतही एक फट आहे. गाव सोडून जाताना सुसाना जे बोलली ते पेद्रोला आठवतं: त्याच्यामुळे तिला हे गाव प्रिय होतं, आणि बाकी सगळ्यासाठी, तिथे जन्मल्याबद्दलसुद्धा, तिला त्याचा तिटकारा होता. या बोलण्याचा पूर्वार्ध त्याने तीस वर्षं उराशी धरला. उत्तरार्ध त्याने ऐकला होता की नाही याबद्दल मला आधी शंका वाटत असे. पण कोमालाचं पुढे जे झालं ते पाहता त्याने तो फार नीट ऐकला असावा.

दुसरा आक्षेप सुसानाच्या वेडाचा. फ्लोरेन्सिओ खरोखर होता का? बाप-लेकीच्या नात्यावर कादंबरी एक गडद सावली टाकते. ती बापाला नावाने हाक मारते, आणि बार्तोलोमेबरोबर आलेली बाई त्याची बायको असावी असा फुल्गोरचा समज होतो. म्हणून काही समीक्षक म्हणतात, की फ्लोरेन्सिओ हा असह्य गोष्टीवर घातलेला पडदा आहे. तसं असेलही; कादंबरी निर्णय देत नाही, आणि तिच्या वतीने आपणही देऊ नये. पण त्याने माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. आठवण खरी असो की कल्पनेने रचलेली, ती सुसानाने स्वतःसाठी राखली आहे, आणि बाप, मालक, पाद्री यांपैकी कोणालाही तिथे पाऊल ठेवता येत नाही. आठवणीचा अस्सलपणा तपासायला बसलेला वाचक नकळत पलंगापाशी बसलेल्या पेद्रोच्या जागी जाऊन बसतो.

तिसरा आक्षेप मी अंशतः मान्य करतो. दूर, अप्राप्य, वेडी, सुंदर स्त्री ही पुरुष लेखकांची जुनी आवड आहे, आणि सुसानावर तिची छाया पडलेली आहे. तिला वाचवतो तो तिच्यातला कडवटपणा. बापाच्या मरणाची बातमी ऐकून ती हसते. स्वर्ग-नरकाच्या बोलण्याला भीक घालत नाही. पण तिच्या या स्वातंत्र्याचा गावाला काडीचाही उपयोग होत नाही, हेही तितकंच खरं. दोलोरेस, दामियाना, रेन्तेरियाची पुतणी आना, या सगळ्याजणी जे भोगतात त्यातून सुसानाचं मौन कोणाला सोडवत नाही. उलट तिच्या मरणाची किंमत त्यांच्यासारख्यांनीच मोजली.

ती किंमत कशी वसूल झाली ते सविस्तर पाहण्यासारखं आहे. सुसाना ८ डिसेंबरच्या पहाटे मरते. चर्चच्या घंटा वाजू लागतात आणि थांबतच नाहीत; दिवसामागून दिवस तोच नाद. आसपासच्या गावांतून लोक कुतूहलाने येऊ लागतात. वाजंत्री येतात, सर्कस येते, झुंजी लागतात, आणि शोकाच्या घंटांवर जत्रा भरते. लोकांना ती बाई माहीतही नव्हती. पेद्रो हे पाहतो आणि ठरवतो, की आता आपण हाताची घडी घालून बसायचं आणि कोमालाने उपाशी मरायचं. तसंच होतं. तो जमिनी ओसाड टाकतो, अवजारं जाळायला लावतो, आणि सुसानाला स्मशानाकडे नेलं त्या रस्त्याकडे तोंड करून बसून राहतो. खाजगी दुःखाने हा माणूस मोडून पडला, असं याचं वर्णन करणं म्हणजे गावाला विसरणं. पेद्रोला आपली आठवण सगळ्यांवर फर्मान म्हणून लागू करायची होती. जे त्याच्याबरोबर रडले नाहीत त्यांना जगण्याचा हक्क उरला नाही. जमीन कसण्याचा अधिकार त्याचा होता, तसा ती पडीक टाकण्याचाही त्याचाच. मालकीचा हा दुसरा अर्थ इतक्या थेटपणे मांडणारं पुस्तक मला दुसरं माहीत नाही.

आता हुआन प्रेसियादोकडे वळता येईल. ओळखीच्या शोधात निघालेला मुलगा म्हणून त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण तो निघतो ते आईच्या आठवणी घेऊन. हिरवं रान, वाऱ्यावर डुलणारी कणसं, सांडलेल्या मधासारखा गावाचा वास हे सगळं त्याला आईच्या डोळ्यांनी दिसत असतं, आणि समोर तापलेलं रिकामं गाव असतं. खिशात आईचा जुना फोटो असतो. त्याला टाचणीने पाडल्यासारखी भोकं आहेत, आणि काळजाच्या जागचं भोक एवढं मोठं की त्यातून मधलं बोट जावं. दोलोरेसने आपली आठवण मुलाला वारसा म्हणून दिली, तशीच वसुलीची नोटीस म्हणूनही दिली. तिच्या त्या हिरव्या गावातही तिचा छळच झाला होता. आठवणीने छळ गाळला आणि रान ठेवलं. मुलाच्या वाट्याला जे आलं ते दोन माणसांच्या व्यवहारातलं येणं. बापाचं आडनाव नाही, आईची आठवण स्वतःची नाही. एदुविहेस तर त्याला सांगते, की आपण त्याची आई व्हायच्याच बेतात होतो: लग्नाच्या रात्री दोलोरेसच्या विनंतीवरून अंधारात तीच पेद्रोच्या बिछान्यात गेली होती. वाटेत भेटलेला अबुंदियो आपणही पेद्रोचाच मुलगा आहोत असं सहज सांगून जातो. पेद्रोच्या गावात बाप कोण या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं सारखंच आहे, म्हणून ते कोणालाच काही देत नाही. हुआन शेवटी कुजबुजीने मरतो, असं तो स्वतः दोरोतेआला सांगतो. मला हा त्याचा पराभव वाटत नाही. मागायला आलेला माणूस ऐकणारा होतो. थडग्यात त्याला करण्यासारखं एकच काम उरतं, शेजारच्या थडग्यांतून येणारे आवाज ऐकणं. सुसानाचं समुद्राचं स्वगत तो आणि दोरोतेआ तसंच ऐकतात. पेद्रोने तीस वर्षं आणि एक जहागीर खर्चून जे मिळवलं नाही, ते त्याच्या टाकून दिलेल्या मुलाच्या कानावर आपसूक येतं.

रचनेवर होणाऱ्या टीकेला उत्तरही इथेच आहे. पुस्तक आलं त्याच वर्षी आली चुमासेरो या कवीने परीक्षणात लिहिलं, की कादंबरीला एकसंध गाभा नाही. सुमारे ७० तुकडे, प्रकरणांना क्रमांक नाहीत, काळ मागेपुढे होतो, बोलणारा कोण ते चारदोन ओळींनंतर कळतं. पहिल्या वाचनात ही तक्रार कोणीही करेल. पण गाभा असता तर तो कोणाचा असता? क्रमवार सांगितलेली गोष्ट पेद्रोची झाली असती: त्याचा उदय, त्याचं प्रेम, त्याचा अंत. नाव त्याचं आहेच, पुस्तकही त्याच्या ताब्यात गेलं असतं. मुखपृष्ठावर हे नाव येण्याआधी रुल्फोच्या मनात कुजबुज या अर्थाचं शीर्षक होतं. ते बदललं तरी रचना कुजबुजीचीच राहिली. मजकूर छाटताना त्याने निवेदकाची मध्यस्थी आणि स्पष्टीकरणं काढून टाकली, असं तो पुढे सांगत असे. त्यामुळे दोरोतेआसारखी कफल्लक बाई, जिला न झालेल्या मुलाचा भास आयुष्यभर छळतो, तिचा आवाज आणि जहागीरदाराचा आवाज पानावर एकाच उंचीवर येतात. ज्या गावात सगळं एकाच्या मालकीचं आहे तिथे लेखकाने वाटून दिलेली ही एकच गोष्ट आहे.

राजकीय अंगाने वाचणारे म्हणतील, की आठवण आणि मालकीच्या या चर्चेत मेक्सिकोचा इतिहास बाजूला पडतो. ही कादंबरी गावावर हुकमत चालवणाऱ्या धनदांडग्यांची आहे, आणि १९१० च्या क्रांतीने त्यांचं काहीच बिघडवलं नाही याची आहे. ते बरोबर आहे, आणि मी म्हणतो त्याहून ते वेगळं नाही. क्रांतिकारक दारात येतात तेव्हा पेद्रो त्यांना जेवू घालतो, मागितले त्याहून जास्त पैसे कबूल करतो आणि आपली ३०० माणसं देऊ करतो. तिल्कुआते हा त्याचा हस्तक मग व्हिया, कारान्सा, ओब्रेगोन या नेत्यांच्या बाजूने फिरत राहतो आणि शेवटी चर्चच्या बाजूच्या क्रिस्तेरो बंडात सामील होतो. पक्ष बदलतात, जमीन हलत नाही. फुल्गोर बंडखोरांच्या हातून मेल्याची बातमी येते त्या रात्रीही पेद्रोचं चित्त सुसानापाशी असतं. रुल्फोने हे सगळं पुस्तकांतून गोळा केलेलं नव्हतं. १९१७ मध्ये दक्षिण हालिस्कोत त्याचा जन्म झाला. १९२३ मध्ये त्याच्या वडिलांना गोळी घालून मारण्यात आलं, १९२७ मध्ये आई गेली, आणि १९२६ ते १९२९ च्या क्रिस्तेरो युद्धाने तो मुलूख उद्ध्वस्त होत असताना तो ग्वादालाहाराच्या अनाथाश्रमात वाढत होता. पुष्कळ वर्षांनी गावी परतल्यावर त्याला घरं कुलूपबंद दिसली, आणि कोणीतरी रस्त्याकडेला लावलेल्या सुरूच्या झाडांतून रात्रभर वारा घोंघावत होता. कादंबरीची किल्ली आपल्याला तिथे सापडली, असं त्याने मुलाखतीत सांगितलं आहे. चरित्रावरून कादंबरी उलगडायची माझी इच्छा नाही. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो. बाप गोळीने गमावण्याचं स्वतःचं दुःख रुल्फोने हुआन प्रेसियादोला दिलं नाही. ते त्याने पेद्रो पारामोला दिलं. आपल्या जखमेचा वापर माणूस कशासाठी करू शकतो, याची चौकशी त्याने त्याच ठिकाणी केली.

कादंबरीच्या शेवटाबद्दल थोडं आधीच सांगितलेलं बरं, कारण तो इतका तुटक आहे की घाईने वाचणाऱ्याच्या हातून निसटतो. अबुंदियो, पहिल्या पानांवरचा गाढवंवाला, इथे जिवंत आहे. त्याची बायको रेफुहिओ रात्री मेली आहे. तिच्या औषधपाण्यासाठी त्याने गाढवंही विकली होती. आता पुरायला पैसे नाहीत. तो दारू पिऊन मेदिया लुनाच्या दाराशी येतो आणि बायकोला मातीत घालण्यासाठी मदत मागतो. मागतो ती आपल्याच बापाकडे, पण त्या नात्याचा उच्चार तिथे कोणी करत नाही. दामियाना किंचाळते, अबुंदियोच्या हातात सुरी असते. घाव शब्दांत दाखवलेला नाही. पेद्रो तेव्हाही त्याच रस्त्याकडे पाहत सुसानाला आठवत असतो. बापाचा खून करणारा मुलगा म्हणून या प्रसंगाची चर्चा होते आणि ग्रीक नाटकांचे दाखले दिले जातात. मला तिथे दोन विधुर दिसतात. एकाच्या बायकोसाठी दिवसचे दिवस घंटा वाजल्या आणि गाव संपवलं गेलं. दुसऱ्याच्या बायकोसाठी खड्ड्याचेही पैसे नाहीत. शोक करायलाही ऐपत लागते, आणि कोमालात ती ऐपत एकाच घरात होती. अबुंदियोने त्या घराकडे आपला वाटा मागितला होता. दोलोरेसने हुआनला नेमकं हेच मागायला पाठवलं होतं. हुआनला कोमालाची वाट दाखवणारा माणूस अबुंदियोच का असावा, हे वाचकाला शेवटच्या पानावर पोचल्यावर कळतं, आणि त्यासाठी पहिली दहा पानं पुन्हा वाचावी लागतात.